राजहंस न होणाऱ्या पिलांसाठी

गेल्या वैशाखातील गोष्ट आहे. दुपारच्या वेळी दवाखान्यात फारशी वर्दळ नव्हती. सातवीत शिकणाऱ्या आपल्या नातीला घेऊन एक आजी आल्या. बाहेर रणरणते ऊन होते, म्हणून मुलीने चेहऱ्याला ओढणी गुंडाळली असावी असे मला वाटले. पण पंख्याखाली बसल्यावरही तिने ती सोडली नाही.

"डॉक्टर, हिच्या तोंडाकडं जरा बघा. उन्हानं लाल झालंय," आजी म्हणाल्या.

बऱ्याच मनधरणीनंतर ओढणी सुटली. दोन्ही गाल लालबुंद झालेले, त्यांवर बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे, हनुवटीवर पुरळ आणि वरच्या ओठावर वयाला न शोभणारी लव. हे उन्हाचे काम नव्हते. "चेहऱ्याला काय लावता?" असे विचारताच आजींनी पिशवीतून एक ट्यूब काढली. औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीवाचून आणलेली. आठ महिने रोज रात्री आजी स्वतःच्या हाताने ते मलम नातीच्या चेहऱ्याला लावत होत्या.

अशा मलमांत बहुधा तीव्र स्टेरॉइड असते. इसब किंवा तत्सम विकारांत, ठरावीक जागी, मोजके दिवस वापरल्यास ते उत्तम औषध आहे. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावले, तर आरंभी त्वचा उजळल्याचा भास होतो. पुढे ती पातळ होते, ऊन सोसत नाही, लाल पडते, मुरुमे आणि केस वाढतात. मलम एकदम थांबवावे तर चेहऱ्याची आग होते आणि लाली उसळते, म्हणून माणूस पुन्हा तेच मलम लावतो. या चक्रात सापडलेली अनेक मुले-मुली आम्हा डॉक्टरांना भेटतात. मी मुलीला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवण्याची चिठ्ठी लिहिली आणि आजींना विचारले, "पण हे आणलंत कशासाठी?"

"रंग जरा उजळावा म्हणून. पुढं पोरीलाच सोपं जाईल." मग, कोणताही दोष न देता, अगदी सहज त्या म्हणाल्या, "तुम्हीच नव्हतं का म्हणाला, हिच्या भावाला डोस द्यायला आणला होता तेव्हा? 'हा मात्र गोरा निघाला हं' म्हणून."

मला ते आठवत नव्हते. मुलीने मान खाली घातली. तिला आठवत होते.

रोगाचे कारण शोधताना त्याचा एक धागा आपल्याच टेबलापाशी येऊन थांबेल, असे मला कधी वाटले नव्हते. मी अठ्ठावीस वर्षे दवाखाना चालवत आहे. मुलांची भीती जावी म्हणून "काय रे बुटक्या", "या चष्मिसबाई", "ढब्बू, आज कुठे दुखतंय?" असे मी किती जणांना म्हटले असेन, त्याची गणती नाही. आपल्या घराघरांतूनही हेच चालते. काळी, जाडी, हडकुळ्या, तोतरा, नकटी ही नावे आपण मायेने ठेवतो. ठेवणारा ती विसरतो. ज्याला ठेवली तो मात्र ती अंगावर वागवीत मोठा होतो.

लाल झालेल्या त्वचेवर उपचार होते. त्या वाक्यावरचा उपचार माझ्या औषधांच्या कपाटात नव्हता. दवाखान्यातील बाकाशेजारी एक फळी आहे. प्रतीक्षा करणाऱ्यांनी चाळावीत म्हणून मी तिथे काही पुस्तके ठेवतो. त्यांतले एक काढून मी त्या मुलीच्या हाती दिले. हा लेख त्या पुस्तकाविषयी आणि त्याच्या भावंडांविषयी आहे.

बदकांच्या तळ्यातील अडचण

"आपण इतरांसारखे नाही" या दुःखावरची सर्वांत प्रसिद्ध बालकथा म्हणजे हॅन्स ख्रिश्चन अँडरसन यांची कुरूप पिलाची गोष्ट. डेन्मार्कमधील ओडेन्से येथे १८०५ साली एका गरीब चांभाराच्या घरी जन्मलेल्या या लेखकाने ती १८४३ मध्ये प्रसिद्ध केली. ग. दि. माडगूळकरांनी ती मराठी गाण्यात आणली आणि आशा भोसले यांच्या स्वराने ती घरोघरी पोहोचवली. आपल्यापैकी अनेकांनी ते गाणे म्हणत मुलांना आणि पुढे नातवंडांना जोजवले आहे.

मलाही ते गाणे प्रिय आहे. तरी डॉक्टर म्हणून त्या कथेच्या शेवटाशी मी अडखळतो. पिलू राजहंस निघते, म्हणून त्याचे दुःख सरते. परंतु माझ्याकडे येणारी बहुतेक पिले राजहंस निघणार नसतात. सावळी मुलगी सावळीच राहणार आहे. कोडाचे डाग असलेल्या मुलाचे डाग कदाचित कमी होतील, कदाचित होणार नाहीत. उंची ठरल्यापुरतीच वाढेल. "पुढे तू सुंदर होशील" हे आश्वासन या मुलांना दिले, तर आज ती सुंदर नाहीत हेच आपण त्यांना पुन्हा एकदा सांगतो. त्यांना अशी गोष्ट हवी, जिच्या शेवटी पिलू बदलत नाही, तळे बदलते.

अमेरिकेतील बालसाहित्याच्या अभ्यासक रुडिन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये एक सुरेख कल्पना मांडली. मुलांसाठी पुस्तक कधी खिडकी असते, कधी पलीकडच्या जगात नेणारे सरकते दार असते आणि कधी आरसा असते. ज्या मुलाला पुस्तकांतून स्वतःसारखे कोणी दिसतच नाही, किंवा दिसते ते विद्रूप करून दाखवलेले, त्या मुलाला आपली किंमत काय याचा एक मूक धडा मिळतो. घरातल्या आरशापुढे उभे राहणे टाळणाऱ्या मुलीला असा दुसरा आरसा मिळाला तर तो हवाच आहे. पुस्तके उपचारासाठी वापरण्याच्या कल्पनेला 'ग्रंथोपचार' या अर्थाचे इंग्रजी नाव १९१६ मध्ये सॅम्युअल क्रॉदर्स या निबंधकाराने दिले, तेही काहीशा थट्टेने. ही कल्पना पुढे गांभीर्याने वापरली गेली. मात्र पुस्तक म्हणजे औषध नव्हे, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुस्तकामुळे एक बोलणे सुरू होऊ शकते. पुढचे काम माणसांनाच करावे लागते.

शेपटीचा प्रश्न

मी दिलेले पुस्तक होते 'तोत्तोचान'. जपानच्या प्रसिद्ध दूरचित्रवाणी कलावंत तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या शाळेच्या या आठवणी १९८१ मध्ये प्रसिद्ध केल्या. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. तोत्तोचान ही चळवळी, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारणारी मुलगी. पहिलीतच तिला शाळेतून काढून टाकतात. तिची आई ही गोष्ट तिला ती वीस वर्षांची होईपर्यंत कळू देत नाही, आणि तिला तोक्योतील तोमोए या छोट्या शाळेत नेते. तिथे वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरतात. मुख्याध्यापक सोसाकू कोबायाशी पहिल्याच भेटीत या मुलीचे बोलणे तब्बल चार तास ऐकून घेतात आणि पुढे ती मनाने चांगली आहे, असे तिला वारंवार सांगत राहतात.

या शाळेत ताकाहाशी नावाचा मुलगा आहे. त्याची वाढ खुंटलेली आहे, हातपाय आखूड आहेत. शाळेच्या क्रीडादिनाच्या शर्यती अशा आखलेल्या असतात, की बुटक्या अंगाचाच त्यांत फायदा व्हावा. ताकाहाशी प्रत्येक शर्यतीत पहिला येतो. त्याची उंची एक अंगुळही वाढलेली नसते. बदललेली असते ती शर्यत. मी ज्याला तळे बदलणे म्हणतो, ते हेच.

याच पुस्तकात आणखी एक लहानसे प्रकरण आहे. माणसाला पूर्वी शेपूट होते, असे शिकवताना वर्गशिक्षिका गमतीने ताकाहाशीला विचारतात, की त्याला शेपूट नाही ना. वर्ग हसतो. संध्याकाळी तोत्तोचानला शाळेच्या स्वयंपाकघरातून मुख्याध्यापकांचा रागावलेला आवाज ऐकू येतो. त्या मुलाला आपल्या शरीराविषयी काय वाटले असेल, याचा विचार तुम्ही केला नाही, असे ते शिक्षिकेला बजावत असतात. इतर शिक्षकांपुढे त्या बाईंचा अपमान होऊ नये, म्हणून त्यांनी हे स्वयंपाकघरात गाठून सांगितलेले असते. बाईंचा हेतू वाईट नव्हता. त्यांना रडू कोसळते.

हे पुस्तक मी पूर्वी दोनदा वाचले होते. त्या रात्री तेवढे प्रकरण तिसऱ्यांदा वाचताना प्रथमच लक्षात आले, की मी स्वतःला नेहमी कोबायाशी समजत आलो होतो. प्रत्यक्षात मी शेपटीचा प्रश्न विचारणारा होतो.

आजींच्या कपाटातील यंत्र

तीन आठवड्यांनी दोघी पुन्हा आल्या. औषधांची चौकशी झाल्यावर मी पुस्तकाविषयी विचारले. आजींचे डोळे मोतीबिंदूमुळे अधू, म्हणून नात त्यांना रोज रात्री थोडे वाचून दाखवत होती. "पण फार हळू वाचते. निम्मं ऐकूच येत नाही," आजींनी तक्रार केली.

मी कान तपासले. मळ नव्हता. वाढत्या वयात ऐकू येणे कमी होते, तेव्हा बहुधा उंच पट्टीतले ध्वनी आधी हरवतात. स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात. लहान मुलांचे बारीक आवाज पुसट होतात. कुकरची शिट्टी ऐकू येते, बाहेरच्या गाडीचा भोंगाही ऐकू येतो, पण शेजारी बसलेल्या नातीचे वाक्य अर्धेच पोहोचते. घरात कोणी हळू बोलत नसते. ऐकणाऱ्याच्या लक्षात न येता आवाज दूर गेलेला असतो. यातून एकटेपणा वाढतो, माणूस बोलण्यातून अंग काढून घेतो, आणि न उपचारलेल्या बहिरेपणाचा स्मृतिभ्रंशाशीही संबंध आढळतो.

"श्रवणयंत्र घ्यायला हवे," मी म्हणालो.

"आहे की. दोन वर्षं झाली, कपाटात आहे," नात म्हणाली. "घालतच नाही."

"चारचौघांत बरं दिसत नाही," आजी पुटपुटल्या. "लोक म्हणतात, म्हातारी ठार बहिरी झाली."

मुलगी काही क्षण गप्प राहिली. मग तिने अगदी साधेपणाने विचारले, "मग मला ओढणी काढ म्हणून का सांगतेस?"

आजींकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते.

स्वतःच्या शरीराचा स्वीकार हा केवळ किशोरवयाचा प्रश्न आहे, असे आपण मानतो. माझ्या अनुभवात हा प्रश्न आयुष्यात दोनदा उभा राहतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी शरीर आपल्याला न विचारता बदलते, तसेच ते सत्तरीतही बदलते. काठी, कवळी, श्रवणयंत्र, रात्रीचे डायपर यांची लाज मुरुमांच्या लाजेहून निराळी नाही. म्हणून नात आणि आजी हे या विषयावरचे उत्तम सहवाचक आहेत. दोघींनाही एकच गोष्ट नव्याने शिकायची आहे.

आणखी काही आरसे

अगदी लहान, चार-सहा वर्षांच्या नातवंडांसाठी माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' घ्यावे. राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. 'मी कोण' या प्रश्नाचे पहिले उत्तर मुलाला आपल्या माणसांतच सापडते. वाचता वाचता आपण आपल्या घरातल्या माणसांकडे वळावे. तुझे नाक पणजोबांचे, तुझा आवाज आत्याचा, असे सांगावे. नाकाला नावे ठेवण्यापेक्षा नाकाला घराणे देणे बरे.

दहा वर्षांपुढील मुलांसाठी वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' आहेच. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेले हे चरित्र मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांनी वाचले आहे. अमेरिकेत गुलामीत जन्मलेला जॉर्ज कार्व्हर बालपणी इतका अशक्त होता, की शेतातली जड कामे त्याला झेपत नसत. म्हणून तो घरकामात राहिला आणि उरलेल्या वेळात रानावनातली झाडे निरखत बसला. त्या दुबळेपणातूनच त्याचा वनस्पतींशी स्नेह जडला. पुढे एका महाविद्यालयाने पत्रावरून त्याला प्रवेश दिला आणि तो प्रत्यक्ष दारात उभा राहिल्यावर कातडीचा रंग पाहून नाकारला. कार्व्हरांनी आपला रंग बदलला नाही. ते दुसऱ्या दाराशी गेले, कृषिशास्त्रज्ञ झाले आणि १८९६ पासून टस्कीगीच्या संस्थेत आपल्या समाजातल्या मुलांना शिकवत राहिले.

ओळख ही केवळ शरीराची नसते. आडनाव विचारून माणसाला जोखणारे प्रश्न आपल्या मुलांना शाळेत, वसतिगृहात आजही भेटतात. कळत्या मुलांबरोबर डॉ. नरेंद्र जाधव यांचे 'आमचा बाप आन् आम्ही' वाचावे. दलित कुटुंबातल्या एका कष्टकरी बापाने आपल्या मुलांना मान वर करून जगायला कसे शिकवले, याची ही हकिकत आहे. ज्यांच्या घरात हा अनुभव आहे, त्यांच्यासाठी ते पुस्तक आरसा आहे. ज्यांच्या घरात नाही, त्यांच्यासाठी खिडकी. दुसऱ्या घरांना त्याची गरज अधिक आहे.

इंग्रजी वाचणाऱ्या नातवंडांसाठी आर. जे. पलासिओ यांची 'वंडर' ही २०१२ मधील कादंबरी सुचवतो. जन्मतःच चेहऱ्याची ठेवण निराळी असलेला दहा वर्षांचा ऑगी प्रथमच शाळेत जाऊ लागतो. या पुस्तकाचे बीज लेखिकेच्या स्वतःच्या चुकीत आहे. आइस्क्रीमच्या दुकानाबाहेर अशा चेहऱ्याची एक मुलगी पाहून त्यांचा छोटा मुलगा रडू लागला आणि त्या गडबडीने तिथून निघून गेल्या. ती घाई त्यांच्या मनाला लागून राहिली. घरात रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने या कादंबरीतील ऑगीच्या बहिणीचा भाग अवश्य वाचावा. घरात एक जण आजारी असला, की निरोगी मुलाने काही मागायचेच नाही, असा अलिखित नियम होऊन बसतो. भावावर माया, त्याच्यामुळे वाट्याला आलेल्या दुर्लक्षाचा राग आणि त्या रागाचा अपराधभाव ही तिन्ही एकाच मुलीच्या मनात कशी नांदतात, ते तिथे दिसते.

सोबत वाचताना

पुस्तक देताना "हे खास तुझ्यासाठी आहे" असे म्हणू नये. व्यंगावर बोट ठेवून दिलेले पुस्तक मूल उघडत नाही. "मला अक्षरे लागत नाहीत, जरा वाचून दाखवतोस का?" हे त्याहून चांगले निमंत्रण आहे, आणि बहुतेकदा ते खरेही असते. मदत मागणारा मोठा माणूस पाहिला, की मुलाला स्वतःची उणीव सांगणे सोपे जाते.

पंधरा-वीस मिनिटे पुरेत. दिवा वाचणाऱ्याच्या खांद्यामागून पुस्तकावर पडेल असा असावा. ऐकू कमी येत असेल तर शेजारी न बसता समोरासमोर बसावे, म्हणजे ओठांची हालचाल दिसते. त्या वेळी दूरचित्रवाणी बंद असावी. नवे श्रवणयंत्र पहिल्या दिवसापासून रुळत नाही. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात. शांत खोलीत एकाच ओळखीच्या आवाजात ऐकलेली गोष्ट हा त्याचा उत्तम सराव आहे.

गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारू नये. मूल काही बोलले तर ऐकावे, न बोलले तर पान खुणेने बंद करावे. आपल्याही आयुष्यातली एखादी लाजेची आठवण सांगता आली तर सांगावी. तिचा शेवट गोड नसला तरी चालेल.

आणि पुस्तकाच्या मर्यादेबाहेरचे ओळखावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल खिन्न असेल, झोप-भूक बिघडली असेल, शाळा टाळत असेल, जेवण मुद्दाम सोडत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. मूल स्वतःला इजा करून घेत असेल किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर एक दिवसही थांबू नये आणि मुलाला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. वृद्धांनीही तिचा उपयोग करावा. मन मोकळे करण्याला वयाची अट नाही.

त्या दिवशी आजी-नात निघण्यापूर्वी मी मुलीची क्षमा मागितली. "तुझ्या भावाच्या वेळी मी जे बोललो, ते चुकीचे होते," इतकेच म्हणालो. ती काही बोलली नाही. आजीच म्हणाल्या, "अहो, ती लहान होती तेव्हा." मुलगी मात्र माझ्याकडे पाहत होती.

दिवाळीनंतर दोघी पुन्हा आल्या. तज्ज्ञांचे उपचार पाच-सहा महिने नेटाने चालू होते. लाली बरीच ओसरली होती, पुरळ गेले होते. रंग पूर्वी होता तसाच, सावळा. ओढणी खांद्यावर होती. आजींच्या उजव्या कानात यंत्र होते. ते रोज घालतात का, असे विचारल्यावर आजी "हो" म्हणाल्या आणि नातीने मागून मान हलवून "नाही" सांगितले.

मुलीने 'तोत्तोचान' परत आणले होते. ते तिने फळीवर जागच्या जागी ठेवले आणि विचारले, "दुसरं काही आहे?"

मी 'कार्व्हर' काढून दिले. आजींनी ते हातात घेऊन डोळ्यांजवळ नेले, मग नातीकडे परत दिले.

"अक्षर बारीक दिसतंय," त्या म्हणाल्या. "तूच वाच. पण जरा मोठ्यानं."